डोलकाठीवरची उडी

आमच्या सिनेमातला समुद्र कोल्हापूरच्या बाहेर एका दगडाच्या खणीत होता. दगड काढून काढून खोल गेलेली जुनी खण, पावसाचं पाणी साठून वर्षभर हिरवीगार भरलेली. त्या पाण्यात रिकाम्या पिंपांवर फळ्या ठोकून अर्धं जहाज उभं केलं होतं. अर्धं म्हणजे खरोखरच अर्धं. कॅमेऱ्याकडच्या बाजूला कठडे, दोरखंड, काळ्या रंगानं रंगवलेल्या लाकडी तोफा, आणि मागच्या बाजूला नुसते बांबू आणि गोणपाट. लाटा करायला दहा-बारा माणसं कमरेइतक्या पाण्यात फळ्या धरून उभी असत. 'चालू' अशी आरोळी आली की सगळ्यांनी मिळून पाणी ढकलायचं. पलीकडच्या काठावर ऊस होता. तो दिसू नये म्हणून कॅमेरा जमिनीलगत ठेवून आभाळच जास्त घेत. तरी एका दृश्यात अरबी समुद्रात एक म्हैस निवांत पोहताना दिसते. ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसते.

याला आता पन्नासच्या वर वर्षं झाली. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा होतो. तालमीत जात होतो, पण अंग सडपातळ. कुस्तीत हा फार पुढं जाणार नाही, हे वस्तादांना कळलं होतं आणि मलाही. पाण्याचं मात्र वेगळं होतं. पंचगंगेला पाणी चढलं की पुलावरून सूर मारणारी जी चार-सहा पोरं असत, त्यांत माझं नाव आधी घेतलं जाई. सिनेमाचे फाईट मास्तर चाच्यांच्या टोळीसाठी माणसं शोधत तालमीत आले तेव्हा बाराजण निवडले गेले आणि त्यांत मी होतो.

सिनेमाची गोष्ट दोन ओळींची होती. चाचे एका जहाजाच्या कप्तानाला मारतात, त्याची मुलगी तलवार हातात घेते आणि सूड उगवते. बाकी सगळी मारामारी. दोरावरून झोके, कठड्यावरून कोलांट्या, पाण्यात धपाधप पडणं. दिग्दर्शक सारखा म्हणायचा, "गोष्टीचं राहू दे, उड्या दाखवा." माणसं कमी होती म्हणून मेलेल्यालाच पुन्हा उभं करत. एका दिवसात मी तीनदा मेलो, दर वेळी वेगळं मुंडासं बांधून.

पाचव्या का सहाव्या दिवशी काम संपल्यावर फाईट मास्तरांनी मला थांबवून घेतलं. मुंबईचा माणूस. स्वतः एके काळचा पैलवान, दोन बोटं मोडून वाकडीच राहिलेली.

"तू पुलावरून उडी मारतोस म्हणे?"

"मारतो की."

"इथून मारशील?" त्यांनी जहाजाच्या डोलकाठीकडं बोट केलं. तीसेक फूट असेल.

"मारीन की. त्यात काय?"

"बाईच्या कपड्यात?"

जळत्या जहाजाच्या डोलकाठीवर नायिका चढते, खाली चाचे, आणि ती तोंडात खंजीर धरून समुद्रात उडी घेते, असं ते दृश्य होतं. सगळा सिनेमा त्या उडीसाठी चालला होता. आणि नायिकेला पोहता येत नव्हतं. ती मुंबईहून आलेली, छत्रीखाली खुर्ची टाकून बसायची, ती सुद्धा पाण्याकडं पाठ करून. तिच्या मापाचा आणि वरून उडी मारू शकणारा असा सगळ्या खणीवर मी एकटाच होतो.

आजच्या वाचकाला ही गोष्ट किती मोठी होती ते कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्या तालमीत पैलवानानं बाईचा वेश घेणं म्हणजे मातीला पाठ लावून घेण्यापेक्षा वाईट. एकानं गणपतीत नाटकात बाईचं काम केलं होतं, तर वस्तादांनी त्याला कुस्तीच्या हौद्यात पाय ठेवू दिला नाही आणि पोरं जन्मभर त्याला 'वैनी' म्हणत राहिली. मी मास्तरांना अट घातली, त्या दिवशी आमच्या तालमीचा एकही माणूस खणीवर बोलवायचा नाही. कधी कुणाला सांगायचंही नाही. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे, डुप्लिकेटचं नाव सांगतो कोण?"

त्यासाठी मिशी काढावी लागली. तालमीत सांगितलं, शूटिंगच्या मशालीनं भाजली. हे पहिलं खोटं.

घागरा एकच होता. तशाच कापडाचा दुसरा शिवायला वेळ नव्हता. नायिकेनं तंबूत तो उतरवला आणि तिच्या अंगाची ऊब तशीच असलेला तो घागरा मी घातला. केसांचा टोप बसवणारा माणूस आला नव्हता, तर टोपही तिनंच माझ्या डोक्यावर बसवला, हनुवटीखालून गाठ मारली. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. जवळून पाहिलं तर डोळ्यांखाली काळं होतं, त्यावर पावडर.

"भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"वाटती की."

"मग?"

"मग उडी मारायची. वर उभं ऱ्हायलं की जास्त वाटती."

ती हसली. मग गाठ घट्ट करता करता म्हणाली, "लोकांना वाटणार, मीच मारली. चालेल तुला?"

"तसंच वाटाया पायजे," मी म्हणालो. आणि ते मनापासून म्हणालो. काम चोख व्हावं एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

पहिल्या उडीला घागऱ्यात वारा भरला, तो छत्रीसारखा उलटा झाला आणि खालचा लंगोट सगळ्या युनिटनं पाहिला. दुसऱ्या उडीला टोप पाण्यात सुटला आणि मेलेल्या मांजरासारखा तरंगत राहिला. तिसऱ्या वेळी घागऱ्याच्या घेराला आतून शिशाचे तुकडे शिवले. त्या वजनानं मी हवेत किंचित तिरका झालो आणि पाण्याचा फटका सगळा डाव्या कानावर बसला. वर आलो तेव्हा काठावर सगळे टाळ्या वाजवत होते, पण टाळ्या एकाच बाजूनं ऐकू येत होत्या. नायिका एवढ्या दिवसांत पहिल्यांदा पाण्याच्या कडेपर्यंत आली, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि काहीतरी बोलली. ती डावीकडं उभी होती. मी मान वळवेपर्यंत ती छत्रीकडं निघाली होती. काय बोलली ते विचारायचं राहिलं. पुढं ती मला भेटली नाही.

कान परत आला नाही. घरात सांगितलं, कुस्तीत गेला. हे दुसरं खोटं.

सिनेमा लागला तेव्हा तालमीचे सगळे मिळून गेलो. पडद्याजवळची बाकडी. आपापला चेहरा दिसला की पोरं नाचत होती, "त्यो बघ मी! मेलो बघ आता!" मग डोलकाठी आली. थिएटर शांत झालं. उडी पडली आणि शिट्ट्यांनी छप्पर उडायची वेळ आली. माझ्या शेजारी बसलेला दोस्त उठून उभाच राहिला. "काय बाई हाय राव! वाघीण हाय वाघीण!" आणि माझी मांडी त्यानं बडवून बडवून लाल केली. मी शिट्टी मारायला बोटं तोंडात घातली, पण शिट्टी आली नाही. एवढ्या गर्दीत एवढं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. आपल्या दारात आपल्यासाठी टाळ्या चालल्यात आणि आपणच घरात नाही, असं काहीतरी.

पुढं मी शाळेत पीटीचा शिक्षक झालो. लग्न ठरलं. मुलगी आजऱ्याची, वडिलांचं काजूचं छोटं दुकान. लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला गेलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला हिरण्यकेशी नदीवर घेऊन गेली. एका डोहावर मोठा कातळ पुढं आलेला होता. तो दाखवून म्हणाली, "हितनं मी उडी मारायची."

"तू?"

"व्हय. का, बायकांनी मारू न्हाय?"

मग तिनं सांगितलं. ती चौदा वर्षांची असताना गावात तंबूचा सिनेमा आला होता. त्यात एक बाई जळत्या जहाजावरून समुद्रात उडी मारते. "घागरा घालून, तोंडात खंजीर धरून! आमच्याकडं बाप्यांनासुद्धा पोहाया येत न्हवतं. मला रातभर झोप न्हाय आली. म्हटलं, हिला येतं तर मला का यायचं न्हाय?" वडील नको म्हणाले. आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाठीला सुका भोपळा बांधून ती त्याच डोहात पोहायला शिकली. पुढच्या वर्षी धुणं धुताना शेजारची काकू पाय घसरून खोल पाण्यात गेली. काठावर आठ-दहा बाया होत्या, सगळ्या ओरडत होत्या. "मी ह्या कातळावरनं मारली उडी. त्या बाईगत. केस धरून काकूला वर काढली."

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते मी लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. ती थांबली आणि म्हणाली, "तुम्ही बघितलासा का त्यो शिनेमा?"

"बघितलाय की," मी म्हणालो.

"मग? कशी मारली उडी!"

"चांगली मारली."

बस. एवढंच बोललो. त्या दिवशी गप्प बसलो ते लाजेनं, हे कबूल करतो. नवी बायको, आणि तिला सांगायचं की घागरा घालून टोप लावलेला तो मी? आठवड्यानं सांगू, महिन्यानं सांगू असं म्हणत राहिलो. पण जसजशी तिची-माझी ओळख वाढत गेली, तसतशी लाज मागं पडली आणि दुसरंच काही आडवं आलं. ती ज्या बाईच्या भरवशावर पाण्यात उतरली, ती बाई नव्हतीच. तो एक बाप्या होता. हे तिला सांगायचं म्हणजे त्या कातळावरून तिला मागं ओढायचं. निदान मी तरी तसं धरून चाललो. खरं कारण लाज होती की तिची काळजी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. सोयीचं होतं म्हणून मी दुसरं धरलं, असंही असेल.

आमची मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा तिला पोहायला बायकोनंच शिकवलं. मी पीटीचा मास्तर, पण कानामुळं पाण्यात उतरायला बंदी. मग कुणीतरी विचारलं म्हणून तिनं पोहण्याच्या टाकीवर बायकांची सकाळची बॅच सुरू केली. ती वीस-बावीस वर्षं चालली. शाहूपुरीतल्या दुकानदारांच्या बायका, शिक्षिका, नर्सा, कर्नाटकाकडून लग्न होऊन आलेल्या आणि आपसात कन्नड बोलणाऱ्या दोघी जावा, साठीला आलेली एक आजी. पहिल्या दिवशी सगळ्या कठड्याला धरून उभ्या राहत, कुणी पाण्यात पाय घालत नसे. मग ती गोष्ट सुरू करायची, "आमच्या गावात एकदा तंबूचा शिनेमा आलता..." मी भिंतीबाहेर स्कूटरवर बसलेलो असायचो. वरच्या झरोक्यातून तिचा आवाज येई. उडीपाशी आली की ती थोडी थांबायची, आणि मग आत हशा, किंकाळ्या, धप्पकन पाण्यात पडल्याचे आवाज. दर नव्या बॅचला मी ती गोष्ट उजवा कान झरोक्याकडं करून ऐकली. गोष्टीत दर वर्षी डोलकाठी उंच होत गेली. शेवटी शेवटी साठ फुटांवर गेली होती.

एकदा सांगायला निघालो होतो. मुलीचं लग्न झाल्यावर आम्ही दोघंच मालवणला गेलो होतो. ती साडी गुडघ्यापर्यंत खोचून लाटांत उभी होती आणि मी तिच्या शेजारी.

"अगं, ती उडी..." मी म्हणालो.

"कुठली?"

"शिनेमातली."

"तिचं काय?"

लाट आली, तिनं माझा दंड धरला, लाट गेली. तिचा चेहरा पाण्यानं भिजला होता आणि ती वाट बघत होती.

"इथं खऱ्या समुद्रात मारली असती तर बाई मेली असती," मी म्हणालो.

"काय तरी बोलू नका," ती म्हणाली, आणि पुढच्या लाटेकडं बघायला लागली.

दोन वर्षांमागं ती गेली. पोटाचं दुखणं होतं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्यात तिनं वरच्या पट्टीतलं बोलणं सोडलं नाही, नर्सांना पोहायला या म्हणून दटावत होती. घरी आली की सांगायचं, असं मी ठरवलं होतं. ती घरी आली नाही.

माणूस एकटा पडल्यावर काय होतं ते मी वाचलं होतं, पण माझं निराळंच झालं. रस्त्यानं ती कायम माझ्या उजव्या हाताला चालायची, म्हणजे बोललेलं मला ऐकू जावं. अजून मी चालताना उजवीकडं माणसाइतकी जागा सोडतो आणि डावीकडच्या गटाराच्या कडेनं जातो. सकाळी सहाला जाग येते आणि स्कूटरची किल्ली कुठं आहे हे आठवावं लागतं. मग लक्षात येतं, कुठं जायचंच नाही.

यंदा थंडीत पेपरात चार ओळींची बातमी वाचली. कोल्हापुरात तयार झालेल्या जुन्या, विसरलेल्या सिनेमांचे खेळ एका हॉलमध्ये होणार होते आणि यादीत आमचा सिनेमा होता. त्याची प्रिंट कुणाच्या तरी माळ्यावर सापडली होती. संध्याकाळी पाचचा खेळ. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं असतील. मागच्या रांगेत जागा बघत होतो तेवढ्यात पुढून हाक आली, "सर! ओ सर! हिकडं या!"

बायकोच्या बॅचच्या सहाजणी होत्या. कुणाचे केस पांढरे झालेले, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. त्यांतल्या एकीला मी ओळखत होतो, शाहूपुरीत तिचं स्टेशनरीचं दुकान आहे. तिनंच सगळ्यांना फोन करून जमवलं होतं. "मॅडमचा शिनेमा बघाया आलोय," ती म्हणाली. "तुम्ही येणार हे म्हाईत होतं आम्हांला." त्यांनी मला मधोमध बसवलं. तीनजणी इकडं, तीनजणी तिकडं.

प्रिंटला इतके ओरखडे होते की समुद्रावर सारखा पाऊस पडल्यासारखं दिसत होतं. मग आमची टोळी आली. मुंडाशी बांधून, डोळे वटारून, बाराच्या बारा. मी एकेकाला ओळखत गेलो. त्यातला माझी मांडी बडवणारा मागच्या वर्षी गेला. एक गडहिंग्लजकडं शेतावर वीज पडून गेला होता, एक नेसरीचा, त्याच्या मातीला मी गेलतो. माझ्या माहितीप्रमाणे त्या बारांतला आता मीच उरलोय. पडद्यावर मात्र ते सगळे आरोळ्या ठोकत होते आणि मरून पुन्हा उठत होते.

डोलकाठी आली तेव्हा शेजारच्या बाईनं माझा हात धरला. मी पडद्यावर मला चढताना पाहिलं. वर उभा राहिलो. धूर आला. आणि उडी.

इतकी वर्षं ती उडी माझ्या डोक्यात एवढी मोठी झाली होती, की पडद्यावर ती दोन सेकंदांत संपली तेव्हा मला फसवल्यासारखं झालं. एक पांढरा घागरा वरून खाली आला, पाणी उडालं, संपलं. पुढच्या चित्रात नायिका काठावर ओले केस मागं सारत होती. सहाजणींनी मात्र उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुकानवाली बाई डोळे पुसत होती. "साठ फूट न्हाय दिसत," पलीकडची म्हणाली. "आपल्या मॅडमनी वाढवलंतं की!" आणि सगळ्या रडता रडता हसायला लागल्या.

खेळ संपल्यावर आयोजकांपैकी एक तरुण प्राध्यापक माईक घेऊन उभे राहिले. त्या काळात साधनं किती कमी होती ते त्यांनी चांगलं सांगितलं. मग म्हणाले, "आणि त्या काळात एका नायिकेनं कुठल्याही डुप्लिकेटशिवाय ही उडी स्वतः मारली, याची नोंद घेतली पाहिजे." टाळ्या झाल्या. कुणाच्या काही आठवणी असतील तर सांगा, असं त्यांनी म्हटलं.

"सर, बोला की! मॅडमबद्दल बोला!" सहाजणींनी मला जवळजवळ ढकललंच.

माईक हातात आला. समोर चाळीस माणसं. ज्यांच्यासमोर लाज वाटायची ते वस्ताद नाहीत, तालीम नाही, तालमीतलं कुणी नाही. जिला सांगायला नको होतं तीही नाही. आता कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. मी तोंड उघडलं आणि पुढच्या रांगेतल्या त्या सहाजणींकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. माझ्या तोंडून आजऱ्याची कुणी पोरगी बाहेर येईल, तिची वाट बघत होत्या.

मग मी तिचीच गोष्ट सांगितली. तंबू, भोपळा, कातळ, काकूचे केस, सगळं. तिच्या शब्दांत सांगितलं, कारण ते मला पाठ होते. उडीपाशी आलो तेव्हा तिच्यासारखाच जरा थांबलो.

सहाजणींनी मला रिक्षात बसवून दिलं. घरी येऊन दिवा लावला, दुपारची भाकरी होती ती दुधात कुस्करून खाल्ली. एवढ्या टाळ्या घेऊन आलेल्या माणसाला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. भिंतीवरच्या फोटोशी बोलणारी माणसं असतात, मला ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला पुण्याला फोन लावला. ती ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. मी सरळ सांगून टाकलं. मिशीपासून कानापर्यंत. पलीकडं किल्ल्या टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"आप्पा," ती म्हणाली, "म्हणजे ते तुम्ही होता?"

"व्हय."

"आणि आईला ठाऊक नव्हतं?"

"न्हाय."

"का नाही सांगितलंत?"

मी माझं कारण सांगितलं, तिच्या मनातली ती बाई मोडायला नको म्हणून. मुलगी आईवर गेली आहे, तोंडावर बोलते. ती म्हणाली, "आप्पा, तुम्ही आईला ओळखलंच नाही. ती चिडली असती. दोन दिवस तुमच्याशी बोलली नसती. आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या बॅचला घेऊन घरी आली असती, हेच ते, बघा म्हणून."

मी फोन उजव्या कानावर आणखी दाबून धरला.

"आपण तिघं होतो त्या घरात," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "आणि एवढी वर्षं तुम्ही एकटेच?"

तिच्या दारावर गाडीचा हॉर्न वाजला. संध्याकाळी फोन करते म्हणाली आणि केलाही. त्यानंतर ती रविवारी आली, मला शेजारी बसवून सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारून घेतलं आणि लिहून काढा म्हणून सांगून गेली. म्हणून हे लिहितोय. सांगितल्यावर हलकं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं झालं नाही. उलट आता रोज एक नवी गोष्ट डोक्यात येते. ती तिसऱ्या दिवशी बॅच घेऊन घरी आली आहे, जिन्यावर बायकांच्या चपला काढल्याचा आवाज येतोय, मी चहाचं आधण ठेवतोय, आणि ती मोठ्यांदा म्हणतेय, "ह्येच ते! इचारा त्येंना!" मुलीनं हे बोलून दाखवेपर्यंत ते माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती.

सहाजणींना मी सांगितलेलं नाही. मुलगीही म्हणाली, ते तुमचं तुम्ही ठरवा. परवा मंडईत ती स्टेशनरीवाली भेटली. तिची सून आता पोहायला जाते, आणि उंच फळीवर जाऊन परत खाली उतरते, उडी मारायचं धाडस होत नाही म्हणाली.

"खाली पाण्याकडं बघू नको म्हणावं तिला," मी म्हणालो. "समोर बघायचं. पाय जुळवून ठेवायचे. आणि वर फार वेळ उभं राहायचं नाही."

तिनं ते मनाशी घोकलं, "समोर बघायचं, पाय जुळवायचे." मग पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "मॅडमनी शिकीवलं व्हय तुम्हांला?"

मी व्हय म्हणालो. तिनं मला दोन दोडके घ्यायला लावले, कोवळे आहेत म्हणून, आणि आम्ही आपापल्या वाटेनं गेलो.